अडीच मिलीचं टिंब

हजेरीपत्रकावर त्यांचं नाव वेगळं होतं, पण ऑफिसात सगळे त्यांना भिंगताई म्हणायचे. नवीन माणसाला वाटायचं, बाई जाड काचांचा चष्मा लावत असतील. तसं नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला असतो तसा एक साधा वाचायचा चष्मा, एवढंच. नाव पडलं होतं ते त्यांच्या नजरेमुळे.

आमच्याकडे औषधांची लेबलं आणि खोक्यात घालायची माहितीपत्रकं छापली जायची. औषध कंपनीकडून आलेला मजकूर पानावर बसवायचं, तक्ते आखायचं काम माझं. तो तपासायचं काम ताईंचं. त्यांची सही झाल्याशिवाय अंगणापलीकडच्या छापखान्यात मशीन हलत नसे. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं, त्यातली शेवटची सहा मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली.

त्या मजकूर शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायच्या. "सरळ वाचलं की अर्थ कळतो," त्या मला म्हणायच्या, "आणि अर्थ कळला की डोळा आळशी होतो. त्याला वाटतं, आपल्याला हे माहीतच आहे." एकदा एका लेबलावर तीस दिवसांच्या महिन्याला एकतीस तारीख छापायला निघाली होती. कंपनीच्या चार शहाण्यांच्या हातून ती सुटली होती. ताईंनी चहाचा कप खाली न ठेवता तिच्यावर बोट ठेवलं. "डोळ्यांत तेल घालून काम करते ही बाई," असं साहेब पाहुण्यांना सांगायचे, आणि ताई मान खाली घालून हसायच्या.

मग कागदी प्रुफं बंद झाली. एरवी ताई छापलेल्या कागदावर पेन्सिलीनं प्रत्येक आकड्यावर बारीक खूण करायच्या. आता सगळं पडद्यावर. प्रत्येकाच्या टेबलावर दोन-दोन मोठे स्क्रीन आले, ते जरा उंच स्टँडवर बसवले, आणि यंत्रं तापू नयेत म्हणून खोलीत मोठा एसी लागला. त्याचं तोंड नेमकं ताईंच्या टेबलावर. आम्ही म्हणायचो, ताईंना थंड हवेची जागा मिळाली.

चारेक महिन्यांत त्या डोळे चोळायला लागल्या. दुपारनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं म्हणायच्या. सकाळी स्कूटरवर बसल्या की घळाघळा पाणी यायचं, आणि ऑफिसात तेच डोळे लाल, ओढल्यासारखे. माझेही डोळे जळायचे तेव्हा. मी केमिस्टकडून एक छोटी बाटली घेतली होती. दोन थेंब टाकले की लाली पाच मिनिटांत जायची. मीच ती ताईंच्या हातात ठेवली.

"जादू आहे," मी म्हटलं. "बघा टाकून."

जादूच होती. लाली जायची आणि कुणी काही विचारायचं नाही. पण दोन तासांनी डोळे पहिल्यापेक्षा लाल व्हायचे. मग पुन्हा थेंब. बाटली महिनाभर पुरायची ती आठवड्यात संपायला लागली. त्यांच्या पर्समध्ये दोन, ड्रॉवरमध्ये एक.

खरा त्रास लालीचा नव्हताच. अक्षरं येत-जात होती. एखादी ओळ स्वच्छ दिसायची आणि बघता बघता तिच्या कडा विरघळायच्या. डोळे मिटून उघडले की पुन्हा स्वच्छ. हे त्यांनी मला कितीतरी नंतर सांगितलं. त्या वेळी कुणालाच सांगितलं नव्हतं. आमच्याकडे तपासनिसांची वर्षातून एकदा नजर तपासत. भिंतीवरचा तक्ता त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला होता. तक्ता वाचायला अर्धं मिनिट लागतं. आम्ही पडद्याकडे आठ तास बघायचो.

घरी मात्र लपलं नाही. त्यांचे यजमान बस चालवायचे. डोळ्यांवर पोट असलेला तोही माणूस. एका सकाळी ताई आरशासमोर थेंब टाकत होत्या आणि ते दारात उभे होते.

"किती दिवस चाललंय?"

"काय?"

"अगं, मी काही आंधळा नाही. डॉक्टरला दाखव."

"दाखवते हो. जरा काम कमी होऊ दे."

"आमच्यात एक जण होता," ते म्हणाले. "संध्याकाळी कमी दिसायचं. सांगितलं तर गाडी काढून घेतील म्हणून गप्प राहिला. त्याची गाडी काढून घेतलीच शेवटी. पण आधी एक सायकलवाला गेला."

ताई चिडल्या. "मी बस चालवत नाही," असं म्हणून डबा न घेताच निघाल्या. ज्या दिवसाची ही गोष्ट आहे, त्याच्या तीन आठवडे आधीचा हा प्रसंग.

त्या दिवशी लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं पत्रक होतं. जुनंच पत्रक, पण कंपनीला अक्षराचं नवं वळण हवं होतं, म्हणून मी सगळा मजकूर नव्या टाइपात घेतला. मागच्या बाजूला वजनाप्रमाणे किती औषध द्यायचं याचा छोटा तक्ता. पाच किलोच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पाच ते आठ किलो, २.५ मिली. पुढे ५, ७.५, १०. साडेदहाला साहेबांचा फोन आला की कंपनीचा टेम्पो साडेबाराला दारात येतोय, पहिला लॉट त्यातून गेलाच पाहिजे. ताईंनी थेंब टाकले, दोन मिनिटं डोळे मिटून बसल्या, आणि वाचायला लागल्या. अकराच्या आत सही झाली. मशीन सुरू झालं. अंगणातून त्याची धडधड वर ऐकू यायची, खिडकीच्या काचा किंचित हलायच्या.

एक वाजता आम्ही डबे उघडले. ताई जेवत नव्हत्या. भाताची तीच शितं चमच्यानं इकडून तिकडे करत होत्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "या नव्या टाइपात टिंब कसं आहे?"

"कसं म्हणजे?"

"गोल की चौकोनी?"

"चौकोनी," मी म्हटलं. "सगळीच चौकोनी आहेत. का हो?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "अडीचमधलं मला गोल दिसलं."

मी हसले. म्हटलं, ताई, भास झाला असेल. त्या हसल्या नाहीत. उठून टेबलाकडे गेल्या, मी हात तसेच खरकटे घेऊन मागोमाग. फाइल अजून उघडीच होती. २.५. टिंब होतं. मी म्हटलं, "हे काय, आहे की." ताईंनी तीनदा डोळे मिटले, उघडले. मग माउसचं चाक एक घर फिरवलं.

तक्ता वर सरकला. दोन सरकला, पाच सरकला. टिंब जागच्या जागी राहिलं.

ते पडद्याच्या काचेवर होतं. माशीनं घाण केलेली, मोहरीपेक्षाही बारीक. ताईंनी नखानं खरवडलं आणि ते गेलं. वर तक्त्यात राहिले पंचवीस मिली. पाच किलोच्या बाळाला पंचवीस मिली.

मला त्या क्षणी कळलं की ते टिंब कुठं गेलं. जुन्या फाइलमधून आकडे उचलताना नव्या टाइपात काही चिन्हं गळतात. मी ती एकेक पुन्हा घालत होते. साडेसात मी घातलं होतं. अडीच राहिलं होतं. पण मी तोंडातून शब्द काढला नाही.

ताईंनी छापखान्याला फोन लावला. वाजत राहिला, मशीन चालू असलं की तिथं बाजूला कुणी ओरडलेलंही ऐकू येत नाही. त्यांनी रिसीव्हर तसाच टेबलावर टाकला आणि जिन्याकडे धावल्या. मी ताईंना त्याआधी कधी पळताना पाहिलं नव्हतं. अंगणात ऊन आणि वारा होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पायरी दिसेना, त्या भिंतीला हात लावत लावत चालल्या.

मशीनवर काका होते. पंचवीस वर्षं तेच मशीन चालवणारे, कानांत कापसाचे बोळे.

"बंद करा!" ताई त्यांच्या कानाशी जाऊन ओरडल्या.

काकांनी बोळा काढला. "थांबवायचा साहेबांचा कागद?"

"कागद मागनं येईल. आधी बंद करा!"

काकांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि लाल बटण दाबलं. धडधड मंदावत गेली, थांबली, आणि ती शांतता अंगावर आली.

"पहिला लॉट?" ताईंनी विचारलं.

"गेला की. टेम्पो साडेबाराला निघाला." काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून वीस मिनिटं. "चाळीस गठ्ठे. एव्हाना पोचत असेल."

मशीन थांबलेलं साहेबांना वर ऐकू गेलं होतं. ते जिना उतरून आले तेच चढ्या आवाजात. "कुणी थांबवलं?"

"मी," ताई म्हणाल्या. "अडीचच्या जागी पंचवीस छापलं गेलंय. बाळांच्या डोसात."

"अहो, पण सही तुमची आहे!"

"माझीच आहे."

"मग?"

काका कापसाचा बोळा बोटांत चोळत होते. मी दोघांच्या मागे मूग गिळून उभी.

"मला नीट दिसत नाही साहेब," त्या म्हणाल्या. "सहा महिने झाले. दिसतं, जातं, पुन्हा दिसतं. मी कुणाला बोलले नाही. आज जे टिंब समजून मी सही केली ती काचेवरची माशीची घाण होती."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. पण तो माणूस खऱ्या अडचणीत ओरडणारा नव्हता, कामाला लागणारा होता. उभ्या उभ्या त्यांनी खिशातून मोबाइल काढला. ड्रायव्हरचा फोन वाजून बंद झाला. गाडी चालवताना तो उचलायचा नाही, आणि एरवी आम्ही त्याचं कौतुकच करायचो. कंपनीच्या फोनवर जेवणाची सुट्टी. पुन्हा ड्रायव्हर. पुन्हा कंपनी. एक पस्तीसला तिथल्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं उचलला. टेम्पो येऊन गठ्ठे उतरवून झाले होते. "पॅकिंगवाल्यांना बोलवा," साहेब म्हणाले. "जेवत असतील तर घासावरून उठवा."

फोन धरून आम्ही चौघं उभे. पलीकडून चपलांचे आवाज, दार, कुणाचं तरी हसणं. मग एक बाई बोलल्या, पॅकिंगच्या मुख्य. त्यांनी ऐकलं आणि फोन न ठेवताच कुणालातरी ओरडल्या, "पट्टा थांबवा! थांबवा म्हटलं ना!" दोनशे खोकी भरून झाली होती. ती अजून तिथेच होती, बाहेर गेली नव्हती. ताई मशीनच्या कडेला टेकल्या.

पण पंधरा मिनिटांनी त्याच बाईंचा फोन आला. फोडलेला गठ्ठा आणि दोनशे खोकी धरून मोजलं तर एकोणचाळीस भरतात. चिठ्ठीवर चाळीस लिहिलंय. एक गठ्ठा नाही.

एका गठ्ठ्यात पाचशे पत्रकं. पाचशे खोकी, पाचशे घरं. मला दुसरं काही सुचेना. कुणाच्या तरी मांडीवर तापलेलं पोर, एका हातात बाटली, एका हातात कागद. माणूस अशा वेळी कागदावर विश्वास ठेवतो. आमचा धंदाच त्या विश्वासावर होता.

ड्रायव्हर परत वाटेला लागला होता. त्यानं शेवटी गाडी बाजूला घेऊन फोन उचलला. मागं काही राहिलेलं नाही, तो शपथेवर सांगत होता. साहेबांनी त्याला दोनदा ताडपत्री उचलून बघायला लावली. पॅकिंगच्या बाई कचऱ्याचे डबे उलटे करून बघत होत्या. ताई एका स्टुलावर बसून डोळे पुसत होत्या. रडत होत्या की डोळे आपोआप गळत होते, कळायला मार्ग नव्हता. मी त्यांच्या शेजारी बसले आणि तेव्हाही मला बोलता आलं नाही.

सव्वातीनला काका एकदम उठले. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे गेले, आपला डबा उचलून खाली ठेवला. डब्याखाली गठ्ठा होता. प्रत्येक लॉटमधला एक गठ्ठा नमुना म्हणून ठेवायचा असतो. तो त्यांनी ठेवला होता आणि चिठ्ठीवर एकोणचाळीसऐवजी सवयीनं चाळीस लिहिलं होतं.

"माझंच चुकलं," काका म्हणाले आणि मटकन खाली बसले. मग काकाच पुटपुटले, "माणूस विचारतो कुठं माशी शिंकली. इथं तर माशीनं शिंकण्याच्याही पुढची मजल मारली." साहेबांना हसू फुटलं, ते लगेच त्यांनी गिळलं. ताई मात्र हसता हसता खरंच रडायला लागल्या.

सगळी पत्रकं संध्याकाळच्या आत परत आली आणि कापायच्या मशीनमध्ये गेली. कुठल्याही घरी एकही पोचलं नाही. ही गोष्ट मला सांगता येते ती त्यामुळेच.

त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी चौकशीला कंपनीची दोन माणसं आली. ताईंनी पुन्हा सगळं आपल्या अंगावर घेतलं, तेव्हा मी उठून उभी राहिले. म्हटलं, टिंब माझ्या हातून गळलं. मला काल दुपारीच कळलं होतं. आणि ते डोळ्यांतले थेंबही मीच त्यांना दिले होते. साहेबांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. ताई माझ्याकडे बघत राहिल्या. बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "काल बोलली असतीस तर मला सोबत झाली असती." मारलं असतं तर बरं, असं मला झालं.

ताईंना काढलं नाही. सही करायचा अधिकार मात्र काढून घेतला, डॉक्टरांचं पत्र मिळेपर्यंत. एकोणीस वर्षांनी त्यांना फाइली लावायच्या कामावर बसवलं. मला ताकीद मिळाली. त्या शनिवारी त्यांच्या यजमानांची ड्युटी होती, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी त्यांच्याबरोबर गेले. खरं म्हणजे मीच मागे लागले.

डॉक्टर पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांनी ताईंना आधी कॉम्प्युटरसमोर बसवून एक लेख वाचायला दिला आणि स्वतः शेजारी पेन घेऊन काहीतरी लिहीत बसल्या. दोन मिनिटांनी म्हणाल्या, "पुरे. तुमच्या पापण्या किती वेळा लवल्या, माहितीये?"

"नाही बुवा."

"मिनिटाला चार. बोलताना तुम्ही पंधरा-सोळा वेळा मिटता, मी मोजलं. आणि त्या चारातल्या दोन अर्ध्याच. पापणी खाली आली न आली तोच वर."

मग त्यांनी डोळ्यात पिवळा रंग लावून निळ्या उजेडात बघितलं. डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर असतो, म्हणाल्या, पापणी लवली की तो नव्यानं सारवला जातो. चांगल्या डोळ्यात तो दहा सेकंद तरी टिकतो. ताईंचा तीन सेकंदांत फाटत होता. फाटला की अक्षर विरघळतं, मिटलं की पुन्हा दिसतं.

"पण डॉक्टर, माझ्या डोळ्यांतून तर सारखं पाणी येतं. कोरडे कसे?"

"कोरडे आहेत म्हणूनच येतं. डोळा ओरडतो, शरीर बादलीभर पाणी ओततं. नुसतं पाणी टिकत नाही, वाहून जातं. वरती तेलाचा हात लागतो. पापण्यांच्या कडेला बारीक ग्रंथी असतात, त्या ते तेल सोडतात. तुमच्या अर्ध्याअधिक तुंबल्यात."

ताई हसल्या. "आणि ऑफिसात सांगतात, ही डोळ्यांत तेल घालून काम करते!"

डॉक्टरही हसल्या, मग मी टेबलावर ठेवलेली बाटली त्यांनी उचलून बघितली आणि हसू गेलं. "हे किती दिवस?"

"सहा महिने."

"म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. हे नुसतं लाली दाबतं. औषध उतरलं की लाली दुपटीनं येते. बंद. आजपासून." त्यांनी माझ्याकडेही बघितलं. "तुम्हीसुद्धा."

त्यांनी दिलेलं औषध ऐकून ताईंचा चेहरा पडला. एवढ्या मोठ्या दुखण्यावर एवढंसं? सकाळ-संध्याकाळ सोसवेल इतक्याच गरम पाण्यात भिजवलेल्या कापडानं मिटलेल्या पापण्या आठ-दहा मिनिटं शेकायच्या, मग बोटानं कडेकडेनं हलकं दाबायचं. अश्रूंसारखे साधे थेंब, टिकवायचं रसायन नसलेले, एकेका छोट्या कुपीत येणारे, दिवसातून चार वेळा. स्क्रीन डोळ्यांच्या खाली. एसीचा झोत तोंडावर नाही. वीस मिनिटांनी नजर उचलून लांब बघायचं. आणि पापण्या पूर्ण मिटायच्या, वरची खालचीला टेकेपर्यंत, ठरवून.

"बरं कधी होईल?"

"पूर्वीसारखं?" डॉक्टर म्हणाल्या. "ज्या ग्रंथी वाळून गेल्या असतील त्या परत येत नाहीत. बाकीच्या वाचवू. सहा आठवडे रोज करा, मग बोलू. एक दिवस चुकवलात तर मला सांगू नका, आरशाला सांगा."

पहिले दोन आठवडे वाईट गेले. लाली दाबणारे थेंब थांबल्यावर डोळे इतके लाल झाले की स्कूटर सोडावी लागली, आणि बसमध्ये लोक शेजारून उठायचे. साथ आलीय असं त्यांना वाटायचं. ताई फाइलींवर मान घालून बसायच्या. ज्या टेबलाकडे लोक शंका घेऊन यायचे, तिथं आता कुणी यायचं नाही. एकदा मला म्हणाल्या, "माझं नाव बदला आता." मी म्हटलं, "बदलायचं नाही." तिसऱ्या आठवड्यात त्यांनी शेक देणं सोडलं. दोन दिवस. यजमानांच्या लक्षात आलं. पहाटेच्या ड्युटीला जाण्याआधी त्यांनी गॅसवर पाणी ठेवलं, कापड पिळलं, आणि ताई झोपेत असतानाच त्यांच्या पापण्यांवर ठेवून दिलं. ताई दचकून उठल्या. "मेले की काय मी?" म्हणाल्या. हे त्यांनी स्वतःच मला हसत सांगितलं, आणि त्यानंतर चुकवलं नाही.

दरम्यान खोलीत एक वेगळीच गोष्ट झाली. ताईंनी डोळ्यांबद्दल बोलायचं सोडलं नाही. जेवताना, जिन्यात, कुणीही डोळे चोळताना दिसलं की विचारायच्या, "किती दिवस?" आम्ही सात जण त्या खोलीत काम करायचो. चौघांच्या ड्रॉवरमधून तीच बाटली निघाली. चौघांनीही एकमेकांपासून लपवून ठेवली होती. पाचवी साहेबांच्या टेबलात निघाली. त्या आठवड्यात एसीचं तोंड भिंतीकडे फिरवलं गेलं आणि उंच स्टँड माळ्यावर गेले.

सहा आठवड्यांनी निळ्या उजेडात पुन्हा मोजलं. सहा सेकंद. डॉक्टर समाधानी होत्या, ताई नव्हत्या. आणखी सात आठवड्यांनी आठ. दहा झाले नाहीत, पुढेही कधी झाले नाहीत. पण डॉक्टरांनी पत्र दिलं, आणि ताई ते घेऊन साहेबांकडे गेल्या तेव्हा नुसतं पत्र घेऊन गेल्या नाहीत, चार अटीही घेऊन गेल्या. डोसाचा तक्ता असेल तर प्रूफ कागदावर. एकानं आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं पेन्सिलीनं खूण करायची. सह्या दोन. आणि टेम्पो दारात उभा आहे असा फोन तपासनिसाला करायचा नाही. ज्याला करायचाय त्यानं काकांना करावा.

"वेळ दुप्पट लागेल हो," साहेब म्हणाले.

"दीडपट," ताई म्हणाल्या. "मी मोजलाय."

साहेबांनी पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "मला वरती विचारावं लागेल," म्हणाले. वरून उत्तर यायला अकरा दिवस लागले. कागद मंजूर झाला तो फक्त लहान मुलांच्या औषधांपुरता. बाकीचं पडद्यावरच राहिलं. ताई त्यावर पुढं वर्षभर भांडल्या आणि अर्ध्या जिंकल्या.

दुसरी सही माझी असावी असं त्यांनीच सुचवलं. मला वाटलं, चुकून माझं नाव घेतलं. विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्या हातून एकदा टिंब गळलंय. तू आता जन्मात विसरणार नाहीस. मला तसंच माणूस हवंय."

पुढे त्या आठ वर्षं तिथं होत्या. पहिल्यासारखी चहा पिता पिता चूक पकडणारी नजर राहिली नाही, हे त्यांनाही माहीत होतं. हळू वाचायच्या, मध्येच थांबून डोळे मिटायच्या, आणि कुणी घाई केली तर सरळ सांगायच्या, "थांबा, मला अजून दिसलेलं नाही." हे वाक्य आमच्या खोलीत पूर्वी कुणी उच्चारलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी बागेचं काम धरलंय. परवा भेटायला गेले तर गुलाबाला कीड लागलीय म्हणून पानं उलटून बघत होत्या. मला म्हणाल्या, तू बघ जरा, तुझे डोळे ताजे आहेत. आम्ही दोघी मिळून अर्धा तास ती पानं तपासली.